काळ्या मातीत पांढरे बूट

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की सेनगाव तालुक्यातली काळी जमीन चालणाऱ्याचा पाय सोडत नाही. चप्पल असेल तर ती मागेच रुतून राहते आणि बूट असेल तर दहा पावलांत त्याचं वजन दुप्पट होतं. अशा मुलखात, साखऱ्यासारख्या गावात, पांढरे बूट घेणं हा काही शहाणपणाचा सौदा नव्हे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी घरोघरी एखादा जोड सापडतोच. शनिवारच्या कवायतीचा, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोराचा, कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा, नाहीतर लग्नात एकदाच घालून कपाटावर चढवलेला.

असे बरेच जोड मी धुतले, त्यातले काही बिघडवले, काही वाचवले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पांढरे बूट मळून जितके वाया जातात, त्याहून जास्त ते धुऊन वाया जातात. माती निघते. पण ब्लीचने आलेला पिवळेपणा, आत राहिलेल्या साबणाचे डाग आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवल्याने सुटलेला तळ, यांना औषध नाही. म्हणून या लेखात ‘काय करा’च्या बरोबरीने ‘काय करू नका’ येत राहील, त्याला इलाज नाही.

सुरुवात चिखलापासून करू, कारण आपल्याकडे सगळं तिथूनच सुरू होतं. बूट चिखलात भरले की घरी आल्याबरोबर ओलं फडकं घेऊन पुसायची घाई होते. ती आवरा. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर असते आणि तिचे कण इतके बारीक, की दोन मायक्रॉनच्याही खाली. ओल्या चिखलावर ओलं फडकं फिरवलं की हे कण कॅनव्हासच्या विणीत सरळ आत दाबले जातात आणि बूट कायमचा राखाडी होतो. याच मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या आपोआप बुजतात, ते याच्यामुळेच. शेताला भेगा पाडणारा हा गुण बुटाच्या बाबतीत आपल्या बाजूने उभा राहतो. चिखल वाळला की आकसतो, आकसला की कापड सोडतो.

तेव्हा चिखलाचे बूट ओसरीवर पोत्याच्या तुकड्यावर ठेवा आणि सकाळपर्यंत विसरून जा. सकाळी अंगणात दोन्ही तळ एकमेकांवर आपटले की निम्मी माती खपल्यांनी पडते. तळाच्या खाचांत अडकलेली काडीने किंवा जुन्या चमच्याच्या दांड्याने उकरून काढा. मग कोरडाच, मऊ ब्रश विणीच्या दिशेने फिरवा. एवढं केल्यावर बूट धुवायची गरज उरली आहे का, ते पाहा. पुष्कळदा उरत नाही.

ज्यांच्या घरात हळद आहे त्यांचं दुखणं वेगळं. हिंगोली जिल्ह्यात अशी घरं थोडी नाहीत. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात, वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद शिजवून, वाळवून पॉलिश करायच्या दिवसांत त्या उडत्या पिवळ्या भुकटीतून पांढरा बूट घेऊन जाणं आणि लग्नाच्या पंगतीत वरणाच्या बादलीखालून पांढरा बूट वाचवणं, दोन्ही सारखंच अवघड.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि हात ब्लीचच्या बाटलीकडे जातो. खरं तर यात बिघडलेलं काहीच नसतं. हळदीवर चुन्याचा किंवा खाराचा संस्कार करून लाल कुंकू बनवतात, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. साबण आणि सोडाही खारच. म्हणजे बुटावर आपण नकळत कुंकू केलेलं असतं. लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं. डाग ना साबणाने गेला, ना लिंबाने. त्याने फक्त रंग बदलला.

हळदीतला रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मद्यार्कात मात्र चांगला विरघळतो. म्हणून हळदीची भुकटी आधी कोरडीच झटका. मग मेडिकलमधलं स्पिरिट किंवा घरात कुठेतरी पडलेलं सॅनिटायझर कापसावर घेऊन डाग टिपा. घासू नका, टिपा, आणि कापूस पिवळा झाला की नवा घ्या. पुढे तेवढाच भाग साबणाने धुऊन स्वच्छ पाण्याने काढा. जो फिकट डाग उरेल तो उन्हावर सोपवा. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर दोन-तीन तासांत फरक दिसतो. डाग ओलसर ठेवून उन्हाकडे तोंड करा, पण रबरी तळ आणि कडेची पट्टी फडक्याने झाका. उन्हाने हळद उडते तसं रबरही म्हातारं होतं. एका उन्हात डाग गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा.

आता पाण्याकडे येतो. बूट धुण्याबद्दल पाण्याचा विचार कुणी करत नाही, आणि आपल्याकडे खोट बरेचदा पाण्यातच असते. बोअरचं पाणी जड आहे की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ वेळेवर शिजत नाही, ते जड. त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्यात वडीच्या साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट पांढुरकी राळ होते आणि ती कापडात बसते. बूट वाळला की ती कडक लागते आणि पुढची धूळ पकडून ठेवते. म्हणून जड पाण्यात बुटाला साबणाची वडी लावू नका. पावडर किंवा लिक्विड वापरा. आणि सगळ्यात शेवटी तांब्याभर चांगलं पाणी फिरवा. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली धरलेलं चालेल, एरवी प्यायच्या जारमधलं. महागडा जार बुटाला कशाला, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. एक तांब्याच लागतो, हे त्यांना सांगा.

जून-जुलैत विहिरीचं पाणी गढूळ येतं. त्यात पांढरं काहीही धुऊ नये, बूट तर नाहीच. बादलीत तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून पाणी तासभर स्थिर ठेवा. गाळ खाली बसतो. वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. पाण्यात लोह असेल, म्हणजे हंड्याला तांबूस थर धरत असेल, तर ब्लीच पूर्ण वर्ज्य. ब्लीच त्या लोहाचा गंज करून कापडावर बसवतं आणि पांढरा बूट ठिपक्याठिपक्यांनी तांबूस होतो. दोऱ्या ओवायच्या भोकांच्या धातूच्या कड्यांना गंज लागून आलेला डाग मात्र लिंबू आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं की बराच उतरतो. नंतर ते नीट धुऊन टाका.

प्रत्यक्ष धुणं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. दोऱ्या काढा. आतला सोल निघत असेल तर तोही काढा. दोऱ्या झाकणाच्या बरणीत कोमट पाणी आणि चिमूटभर पावडर घालून बंद करा आणि ताक घुसळावं तशी बरणी हलवा. बुटासाठी मगभर कोमट पाण्यात अर्धा चमचा पावडर पुरे. अर्धा चमचा वाचून हसू येईल, पण मूठभर पावडरीचा फेस धुऊन काढायला पाच बादल्या पाणी लागतं आणि तरी थोडा आत राहतोच. तोच वाळल्यावर पिवळा दिसतो. पाणी फार गरमही नको, हाताला ऊबदार लागेल एवढंच. तळ चिकटवलेला असतो आणि उष्णतेने डिंक ढिला पडतो.

ब्रश जुना टूथब्रश. कपड्यांचा जाड नायलॉनचा ब्रश कॅनव्हासवर चालवला की धागे उसवून लव निघते आणि लव निघालेलं कापड दुप्पट वेगाने मळतं. ब्रश पाण्यात बुडवून झटका, मग छोट्या गोल हालचालीने एकेक भाग घ्या आणि लगेच ओल्या फडक्याने तो टिपत चला. बूट बादलीत बुडवायचा नाही. आठवडी बाजारातल्या स्वस्त बुटांत पायाखाली बहुतेक पुठ्ठा असतो. तो भिजला की फुगतो आणि बुटाचा आकारच जातो. रात्रभर भिजत घातलेला बूट सकाळी दोन तुकड्यांत निघाल्याचं मी पाहिलं आहे. तो माझाच होता.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बुटावर ओतायची पद्धत हल्ली मोबाइलवर फार पाहायला मिळते. फसफसतं छान. पण एक खार आणि एक आम्ल एकत्र आले की एकमेकांना संपवतात. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या. सोडा वास घालवायला: बूट पूर्ण कोरडा असताना आत चमचाभर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. आंबट पाणी शेवटच्या धुण्याला: बादलीभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून घाला, त्याने साबणाचा उरलेला खार निघून जातो. व्हिनेगर शोधत बसायची गरज नाही.

ब्लीचबद्दल इथेच सांगतो. सुती कॅनव्हासला पातळ ब्लीच सोसतं, हे खरं. पण बूट नुसता कॅनव्हासचा नसतो. त्यात नायलॉनचा दोरा असतो, फोम असतो, डिंक असतो, रबर असतं, आणि यातल्या काहींना ब्लीच पिवळं करतं. धुतल्यावर तासभर बूट दुधासारखा दिसतो आणि वाळल्यावर जुन्या वर्तमानपत्रासारखा. तरीही कुणी वापरणारच असेल, तर ब्लीच आणि लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं आम्ल हे कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

बूट कशाचा आहे हे ओळखणंही महत्त्वाचं. जाळीदार स्पोर्ट्‌स शूजच्या जाळीखाली फोम असतो. तो स्पंजसारखा साबण पितो, म्हणून तिथे पाणी न वापरता नुसत्या फेसानेच काम करा. रेक्झिनला ओलं फडकं आणि थेंबभर भांडी घासायचं लिक्विड बास. त्याचे पापुद्रे सुटायला लागले तर घरी काही करता येत नाही, पैसे वाया घालवू नका. अस्सल चामड्याचा पांढरा बूट आपल्याकडे क्वचित. त्याचा पांढरेपणा वरच्या रंगाच्या थराचा असतो, म्हणून त्याला टूथपेस्ट किंवा घासणारं काहीही लावायचं नाही.

टूथपेस्टची जागा रबरी कडेवर आहे. तिच्यात दात घासायला बारीक पांढरी पूड असते, तीच रबरावरचे काळे ओरखडे काढते. पेस्ट पांढरी हवी. लाल किंवा हिरवी जेल लावली की नवा रंग चढतो. कॅनव्हासवर टूथपेस्ट नको, ती विणीतून निघत नाही. नेलपेंट काढायचं लिक्विड तळाला लावू नका, ते काही प्लास्टिकला विरघळवतं.

पहाटे पळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि गावात सरावाची जागा बहुतेक डांबरी रस्ताच. उन्हाळ्यात वितळलेलं डांबर बुटाला चिकटतं. डांबर पाण्या-साबणाला दाद देत नाही, तेलाला देतं. आधी जाडसर गोळा खरवडून काढा. मग खोबरेल तेलाचे चार थेंब लावून पाव तास ठेवा, फडक्याने पुसा आणि तेलाचा डाग लगेच भांड्यांच्या लिक्विडने धुऊन टाका. हे दोन पायऱ्यांचं काम आहे. दुसरी पायरी राहिली तर डांबर जाऊन तेलाचा डाग बसतो.

धुण्याइतकंच वाळवणं कसबाचं. पांढऱ्या बुटांवर वाळल्यावर पिवळे कडे उमटतात, ते आठवा. पाणी आतून बाहेर येऊन पृष्ठभागावर उडतं, आणि येताना आतला मळ, साबण, डिंकाचा अंश सोबत आणतं. पाणी उडून जातं, हे सगळं तिथेच राहतं. उपाय सोपा: ते बुटावर थांबण्याऐवजी दुसऱ्या कशावर तरी थांबू द्या. धुतलेल्या ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर लपेटून चिकटवतात. आमच्या घरी त्यासाठी जुन्या धोतराचा मऊ तुकडा असे. ओला करून पिळून बुटाला घट्ट बसवायचा. बूट वाळला की पिवळेपणा धोतरावर आलेला दिसतो. आत पांढरं फडकं किंवा कोरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई ओल्या पांढऱ्या कापडाला लागते, म्हणून ते थेट नको.

बूट सावलीत, वाऱ्यावर, भिंतीला टेकवून तिरका ठेवा. हळदीचा डाग सोडला तर ऊन नको. पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात कुबट वास धरतो, कधी बुरशीही. म्हणून आषाढ-श्रावणात पूर्ण धुणं टाळा, पुसून वेळ काढा. माझं विचाराल तर या दोन महिन्यांत पांढरे बूट घालूच नयेत. पण हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा.

रबरी कड जुनी होऊन पिवळी पडली असेल तर तो मळ नव्हे, रबराचं ऑक्सिडेशन आहे, घासून जात नाही. मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड खाण्याच्या सोड्यात कालवून घट्ट लेप करा, हातमोजे घालून फक्त कडेला लावा आणि तासभर उन्हात ठेवून धुऊन टाका. फरक पडतो, नव्यासारखं होत नाही. नीळही पांढरं करत नाही, नुसती पिवळ्याला निळ्याने झाकते. वापरायचीच तर बादलीत दोन थेंब, आणि आधी एखाद्या चिंधीवर तपासून. जाड कॅनव्हास ती सारखी पीत नाही आणि ढगाळ डाग पडतात.

लग्नातले बूट कपाटावर ठेवले असतील तर वर्षातून दोन-तीनदा काढून घरातल्या घरात थोडं चाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. काही बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या ओलाव्याने ते आतून कुजतात आणि न वापरताच चार-पाच वर्षांनी पहिल्या पावलाला भुगा होतात. कापडी पिशवी बरी.

हे सगळं करूनही कॅनव्हास थकतो. तेव्हा पांढरं पॉलिश आहेच. बाटाच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या ‘टेनिस’चा जन्म १९३६ सालचा, तेव्हापासून शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या बुटाला पांढरं फासत आल्या. आम्ही वर्गातल्या फळ्याखालचे खडूचे तुकडे गोळा करून ओल्या बुटावर घासायचो. पहिल्या सरीत तो खडू ओघळून पायमोज्यात जायचा. बाजारातलं पातळ पॉलिश त्याहून टिकतं, पण धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या बुटावरच. मळावर फासलं तर मळ आत कोंडला जातो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या, मध्ये तासभर जाऊ द्या. रबरी कडेला लागलेलं लगेच पुसा.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनासाठी बूट हवे असतील तर पॉलिश १६ तारखेच्या दुपारी लावा, रात्री नको, कारण त्या दिवसांत हवा दमट असते आणि ओलं पॉलिश पायमोज्यांवर, पॅन्टच्या घडीवर उतरतं. सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत चपलेनेच जा. बूट कापडी पिशवीत, पिशवी हातात. पाय पुसायला एक फडकंही घ्या आणि रांगेत उभं राहायच्या पाच मिनिटं आधी, पायरीवर बसून बूट घाला.